आधी खोली, मग लादी

घर दुरुस्तीला काढायचं ठरलं की जुनी फरशी फोडायच्या आधीच सगळं कुटुंब टाइल्सच्या दुकानात जाऊन येतं. तिथे लादी रॅकवर उभी केलेली असते, तिच्यावर पांढऱ्या दिव्यांचा झोत असतो आणि शेजारच्या पडद्यावर तीच लादी लावलेल्या ऐसपैस दिवाणखान्याचं चित्र झळकत असतं. नमुना पसंत पडतो, चौरस फुटांचा हिशेब होतो, आगाऊ रक्कम दिली जाते. मग मिस्त्री येतो आणि त्याला सोयीच्या वाटणाऱ्या कोपऱ्यापासून कामाला लागतो. पहिली ओळ दारातून कशी दिसेल, कापलेला तुकडा कुठल्या भिंतीला येईल, ओट्याच्या कडेशी सांधा नेमका कुठे पडेल, हे कुणी विचारलेलंच नसतं. या प्रश्नांची उत्तरं मात्र पुढची वीस-पंचवीस वर्षं रोज पायाखाली येत राहतात.

हे पुस्तक त्या न विचारलेल्या प्रश्नांसाठी लिहिलं आहे. चेन्नईतल्या जुन्या घरांची आणि फ्लॅटची दुरुस्ती हे माझं काम, आणि त्या कामात एक गोष्ट इतक्या वेळा दिसली की तिच्याभोवतीच या पुस्तकाची मांडणी झाली. नमुना दुकानात विकत मिळत नाही. दुकानात मिळते ती लादी. नमुना खोलीत तयार होतो. तीच लादी एका घरात शांत आणि देखणी दिसते, तर दुसऱ्या घरात डोळ्यांना नुसता त्रास देते, आणि दोन्हींत फरक असतो तो फक्त कुठून सुरुवात केली आणि कुठे संपवली याचा. म्हणून आधी खोली मोजावी, तिची वाकडीतिकडी अंगं ओळखावीत, कागदावर मांडणी करावी आणि मग दुकानात जावं, असा माझा आग्रह आहे.

हा आग्रह चेन्नईत बसूनच पक्का झाला, याचं कारण या शहरात जमीन फार वापरली जाते. घरात सगळे अनवाणी. एप्रिल-मेच्या दुपारी पलंग सोडून उघड्या फरशीवर पाठ टेकणारी माणसं इथे घरोघरी आहेत. नवरात्रात कोलूच्या, म्हणजे बाहुल्यांच्या, पायऱ्या मांडल्या की त्यांच्यासमोर बायका खाली बसून गातात. सणाला केळीच्या पानांची पंगत जमिनीवर बसते. मराठी माणसाला यात परकं काही नाही. तंजावरच्या भोसल्यांचं राज्य १६७६च्या सुमारास सुरू झालं आणि १८५५ साली संपलं. त्या काळात दक्षिणेत आलेल्या घराण्यांचे वंशज आजही चेन्नईत आपली वेगळ्या वळणाची मराठी बोलतात. नोकरीनिमित्त अलीकडे आलेली, ओल्ड महाबलीपुरम रोडवरच्या उंच इमारतींत फ्लॅट घेतलेली कुटुंबं निराळी. पुस्तक लिहिताना दोन्ही प्रकारचे वाचक माझ्यासमोर होते, आणि महाराष्ट्रात राहून घराला हात घालणारेही.

मांडणी म्हणजे काय हे मला सगळ्यात नीट कळलं ते आत्तंगुडीच्या फरशीवरून. चेन्नईपासून सुमारे ४०० किलोमीटरवर, शिवगंगा जिल्ह्यात, कारैकुडीच्या जवळ हे गाव आहे. हा सगळा चेट्टिनाडचा मुलूख. नाट्टुकोट्टै चेट्टियार व्यापाऱ्यांनी ब्रह्मदेश, सिलोन आणि मलायात सावकारीवर मिळवलेला पैसा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विसाव्याच्या मध्यापर्यंत आपापल्या गावी प्रचंड वाडे बांधण्यात घातला. ब्रह्मी सागवान, इटालियन संगमरवर, बेल्जियमचे आरसे, जपानी टाइल्स असं जगभरचं सामान तिथे येऊन पडलं. त्याच वाड्यांच्या जमिनींसाठी आत्तंगुडीची लादी गावातच तयार होऊ लागली. चेट्टिनाडच्या गावांची नोंद २०१४ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहे.

ही लादी भाजत नाहीत आणि यंत्राखाली दाबतही नाहीत. कारागीर काचेचा एक चौकोनी तुकडा खाली ठेवतो, त्याभोवती धातूची चौकट बसवतो आणि चौकटीत नक्षीचा साचा ठेवतो. साच्याला पातळ पत्र्याचे कप्पे असतात. सिमेंटमध्ये कालवलेले तांबडे, पिवळे, हिरवे, काळे रंग तो पळीने एकेका कप्प्यात ओततो. पळी कुठे थांबली, रंग किती पडला, हे सगळं हाताच्या अंदाजाने. मग साचा अलगद उचलतो. रंग एकमेकांना भिडतात, पण मिसळत नाहीत. त्यावर वाळू-सिमेंटचं कोरडं मिश्रण भुरभुरलं जातं, ते जास्तीचं पाणी शोषून घेतं. वरून ओल्या मालाचा थर देऊन थापीने सारखा करतात. लादी एक दिवस सुकते, पुढे काही दिवस पाण्याच्या टाकीत राहते, आणि काच आपसूक सुटते. जी बाजू काचेला चिकटलेली होती ती वर येते, म्हणून लादीला पॉलिश न करताच चकाकी असते. वापरत गेलं की ही चकाकी वाढते. चेट्टिनाडच्या वाड्यांत जिथे माणसांची ये-जा सर्वात जास्त, तिथली फरशी सर्वात तुकतुकीत दिसते.

पण मला इथे सांगायचं आहे ते ती फरशी खोलीत कशी बसवतात याबद्दल. चेट्टिनाडच्या दालनात नक्षी भिंतीपासून भिंतीपर्यंत सहसा धावत नाही. मधे नक्षीचं अंग. त्याभोवती वेगळ्या नमुन्याचा काठ, त्याला चार कोपऱ्यांसाठी वेगळ्या लाद्या. आणि काठाच्या बाहेर, भिंतीला लागून, एकरंगी पट्टा, बहुतेक वेळा तांबडा. कांचीपुरमच्या कोरवई साडीत अंग आणि काठ वेगवेगळे विणून एकमेकांत गुंतवतात, काठाचा विचार विणायला बसण्याआधी झालेला असतो; या जमिनींचंही तसंच आहे. काठ हा नंतर लावलेला दागिना नसतो. खोलीचं सगळं गणित त्याच्यावर उभं असतं.

ते गणित एका खोलीवर करून दाखवते. चेन्नईतल्या तीस-चाळीस वर्षं जुन्या इमारतीतली एखादी बैठकीची खोली घ्या. दाराकडच्या टोकाला तिची रुंदी १० फूट ४ इंच भरते आणि खिडकीकडच्या टोकाला १० फूट १ इंच. म्हणजे खोली गुण्यात नाही. यात नवल काही नाही, जुन्या बांधकामात गुण्यात असलेली खोली सापडली तर नवल. आता या खोलीत दोन फुटी, म्हणजे २४ इंचाची लादी एका भिंतीपासून लावत गेलो तर पाच लाद्यांत १२० इंच होतात. दाराकडे समोरच्या भिंतीला ४ इंचाची चिप्पी उरते आणि ती निमुळती होत खिडकीकडे १ इंचावर येते. ही पाचर दारातून आत आलेल्या माणसाला पहिल्या नजरेत दिसते. खोलीचा वाकडेपणा इतकी वर्षं कुणाला जाणवलाही नव्हता, नव्या महागड्या लादीने तो जाहीर केला.

तीच लादी, तीच खोली. फक्त मध्यरेषा धरून सुरुवात करा. मधे चार पूर्ण लाद्या, म्हणजे ९६ इंच. दाराकडे उरले २८, प्रत्येक बाजूला १४. खिडकीकडे उरले २५, प्रत्येक बाजूला साडेबारा. आता कडेचा तुकडा कुठेही अर्ध्या लादीपेक्षा लहान नाही, आणि १४ वरून साडेबारावर येणारा फरक सोफ्याच्या आणि कपाटाच्या सावलीत कुणाच्या लक्षातही येत नाही. खर्च वाढतो तो काही जादा लाद्यांचा आणि कापण्याच्या मजुरीचा. एवढ्यासाठी मिस्त्रीशी वाद होणार हे धरून चालावं. एका भिंतीपासून लावत जाणं त्याला झटपट पडतं. त्याचा मोबदला चौरस फुटावर ठरलेला असेल तर त्याची घाई समजण्यासारखी आहे. मध्यरेषेची मांडणी हवी असेल तर ती भाव ठरवतानाच सांगावी आणि तिचे पैसे द्यावेत.

आणि आता आत्तंगुडीची रीत. लादी ८ इंचाची. मधलं अंग बारा लाद्यांचं, ९६ इंच. दोन्ही बाजूंना एकेका लादीचा काठ, मिळून १६. झाले ११२. दाराकडे उरतात १२ इंच, म्हणजे दोन्हीकडे ६-६ इंचांचा तांबडा पट्टा. खिडकीकडे उरतात ९, म्हणजे साडेचार-साडेचार. अंग आणि काठ काटकोनात, रेघ सरळ. तीन इंचांचा सगळा वाकडेपणा साध्या पट्ट्यात जिरला, जिथे मोजायला नक्षीच नाही. दाराच्या कोनाड्यात काठ वळवत नाहीत. तो सरळ पुढे जातो आणि कोनाडा त्याच तांबड्याने भरतात. एवढा साधा उपाय आपण गमावला, कारण भिंतीपासून भिंतीपर्यंत एकच लादी म्हणजे खोली मोठी दिसते असं आपल्याला सांगण्यात आलं. माझा अनुभव याच्या उलट आहे. १२ बाय १० च्या खोलीत नीट बेतलेला काठ असला की खोलीला आकार येतो, आणि आकार असलेली खोली लहान वाटत नाही.

बारा ही संख्या मी सहज घेतलेली नाही. आत्तंगुडीच्या आणि मुंबईच्या जुन्या सिमेंट लाद्यांच्याही कित्येक नमुन्यांत एका लादीवर फुलाचा फक्त पाव भाग असतो. चार लाद्या मिळून एक फूल. लाद्यांची संख्या विषम झाली की कडेला अर्धं फूल राहतं. म्हणून अंगाची लांबी-रुंदी नेहमी सम लाद्यांत बसवायची आणि उरलेलं काठाने आणि पट्ट्याने खायचं. याच पाव नक्षीची दुसरी गंमत म्हणजे लादी फिरवली की नमुना बदलतो. कोपरे आत केले तर फूल, बाहेर केले तर चांदणीची जाळी, एक आड एक फिरवले तर नागमोडी वळणं. चार लाद्या, प्रत्येकीच्या चार दिशा, म्हणजे चारच लाद्यांच्या २५६ मांडण्या होतात. सेबास्तियाँ त्रुशे या फ्रेंच धर्मगुरूने १७०४ साली कर्णावर दोन रंगांत विभागलेल्या चौकोनी लादीचा असाच अभ्यास मांडला होता, आणि गणितात त्या लाद्या आजही त्याच्या नावाने ओळखल्या जातात.

चेन्नईत त्यासाठी फ्रान्सकडे बघायची गरज नाही. पहाटे दारात सडा घालून, ठिपके मांडून, त्यांच्याभोवती एकसलग रेषेने कोलम काढणाऱ्या बायका हेच काम रोज करतात: थोड्या नियमांतून मोठा नमुना. तांबरमच्या मद्रास ख्रिश्चन कॉलेजात शिकवणारे गिफ्ट सिरोमणी, त्यांच्या पत्नी राणी सिरोमणी आणि कमला कृतिवासन यांनी १९७०च्या दशकात कोलमचा अभ्यास संगणकशास्त्राच्या अंगाने केला. एका लहान तुकड्यावर ठरावीक नियम पुन्हा पुन्हा लावून मोठी आकृती कशी वाढत जाते हे त्यांनी औपचारिक भाषेत मांडलं. नमुन्याच्या प्रकरणात मी या कामाचा आधार घेतला आहे. ते प्रकरण वाचताना सोळा पुठ्ठ्याचे चौकोन कापून समोर ठेवावेत. वाचण्यापेक्षा फिरवून पाहण्यात जास्त कळतं.

मुंबईच्या वाचकांना सिमेंटची नक्षीदार लादी परिचयाची आहे. गिरगाव, दादर, माटुंग्याच्या जुन्या इमारतींत ती अजून टिकून आहे. सिमेंटची लादी मूळची दक्षिण फ्रान्समधली, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातली. ती आयात होत असे. फिरोजशा सिधवा आणि त्यांचे पुतणे रुस्तम सिधवा यांनी स्वदेशीच्या भरात १९२२ साली भारत टाइल्स ही कंपनी काढली आणि उरणला कारखाना घातला. ही लादी आत्तंगुडीची चुलत बहीण. फरक एवढाच की ती जलदाबाच्या यंत्रात दाबून काढतात, म्हणून तिच्या कडा अधिक नेमक्या असतात आणि ती अधिक टणक होते. आत्तंगुडीच्या कडा हातच्या असल्याने दोन लाद्यांत अर्धा-एक मिलिमीटरचा फरक निघतो. सांधा तेवढा सैल धरावा लागतो, दोरी प्रत्येक ओळीला धरावी लागते. हातच्या मालाचा हा स्वभाव मान्य नसेल तर तो घेऊ नये. घेतल्यावर यंत्राच्या मापाने त्याला नावं ठेवणं बरोबर नाही.

आणखी एक गोष्ट दोन्हींना लागू. सिमेंटला आंबट सोसत नाही. चिंचेचं पाणी, लिंबू, व्हिनेगर सांडून राहिलं की डाग पडतो आणि तिथली चकाकी जाते. सांबार-रस्समच्या स्वयंपाकघरात ओट्यासमोर ही लादी लावायचा हट्ट मी कुणाला करू देत नाही. बैठकीची खोली, देवघर, व्हरांडा ही तिची जागा. तिथे ॲसिड घालून फरशी धुण्याची सवय मात्र सोडावी लागते. साधं पाणी, आणि सुरुवातीच्या महिन्यांत फडक्यावर खोबरेल तेलाचे दोन थेंब, एवढं पुरतं.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल की जुनं फोडा आणि नक्षीची लादी लावा असं मी सांगते आहे. अनेकदा मी उलट सांगते. चेन्नईत अण्णा नगर, अड्यार, नंगनल्लूर भागांत १९७० ते १९९०च्या दशकांत बांधलेल्या फ्लॅटमध्ये मोझॅकची जमीन आहे. महाराष्ट्रातल्या त्या काळच्या हाउसिंग सोसायट्यांमध्येही आहे. संगमरवराच्या चिपा सिमेंटमध्ये घालून केलेली ही लादी आता काळवंडलेली, पिवळी पडलेली दिसते, म्हणून ती फोडायची घाई होते. दगडी यंत्राने ती दोन-तीन हात घासून घ्या, आणि आत दडलेला पांढरा, तपकिरी, हिरवा चुरा उजळून येतो. फोडण्याचा, राडारोडा उचलण्याचा, नवीन मालाचा आणि नव्या मजुरीचा खर्च वाचतो, शेजाऱ्यांना महिनाभर हातोडे ऐकावे लागत नाहीत. एखाद-दुसरी लादी फुटली असेल तर कपाटाखालची काढून तिथे बसवावी. शहाबादी, कोटा किंवा जुन्या तांबड्या ऑक्साइडची जमीन असेल तरीही आधी पॉलिशवाल्याला बोलवा, मग ठरवा. फोडलेली जमीन परत मिळत नाही.

व्हिट्रिफाइड टाइल्सबद्दल पुस्तकात मोठं प्रकरण आहे, कारण दहांपैकी नऊ घरांत शेवटी त्याच येतात. गुजरातेतल्या मोरबीतून निघणारा हा माल स्वस्त, टणक आणि पाणी जवळजवळ न शोषणारा असतो. शोषण अर्ध्या टक्क्यापेक्षाही कमी. हाच गुण बसवताना अडचण करतो. मागची बाजू पाणी पीत नाही, म्हणून नुसत्या सिमेंटच्या पातळ मालावर ती नीट धरत नाही. काही वर्षांनी टाइल ठोकली की पोकळ आवाज येतो, आणि कडक उन्हाळ्यात एखाद्या दुपारी दोन टाइल्स एकमेकींना ढकलत मोठ्या आवाजाने वर उठतात. यावर उपाय दोन. दातेरी थापीने लावलेला टाइल ॲडहेसिव्ह, आणि जागा. दोन टाइल्समध्ये २-३ मिलिमीटरची दर्ज ठेवायची, भिंतीशी स्कर्टिंगखाली झाकली जाईल अशी मोकळी फट सोडायची. "एकही सांधा दिसणार नाही" असं कुणी अभिमानाने सांगितलं तर त्याला काम देऊ नका.

दोन बाय चार फुटांच्या लांबट टाइल्स विटांच्या जोडणीसारख्या निम्म्यावर निम्म्या लावल्या की एकीच्या मधोमध दुसरीची कड येते. भट्टीत लांब टाइल मधे किंचित फुगते. तिचा उंचावलेला मध्य आणि शेजारणीची खालावलेली कड शेजारी आल्या की पायाला ठेच लागते आणि संध्याकाळच्या तिरप्या उन्हात प्रत्येक कडेची सावली दिसते. म्हणून निम्म्याऐवजी एक तृतीयांशावर सरकवाव्यात. तिरक्या मांडणीला आणि हेरिंगबोनला सुमारे १५ टक्के माल जादा धरावा, सरळ मांडणीला पाच ते दहा टक्के. सगळी खोकी एकाच बॅचची आणि एकाच शेडची आहेत का ते उतरवून घेतानाच पाहावं, आणि काम संपल्यावर एक खोकं पलंगाखाली जपून ठेवावं. कंपनी ती टाइल पुन्हा काढील याची खात्री नसते.

न्हाणीघराचं शास्त्र वेगळं. तिथे पाणी जाळीकडे वाहायला चार फुटाला साधारण अर्धा इंच ढाळ लागतो, आणि मोठी टाइल ढाळात चारी बाजूंनी वाकत नाही. ती कापावी लागते आणि कापलेल्या रेघा जाळीकडे धावतात. तळाला लहान टाइल घ्या, भिंतीला मोठी. घसरण्याच्या मापात आर १० किंवा आर ११ लिहिलेली टाइल ओल्या जागी घ्यावी. घरात म्हातारी माणसं असतील तर रंग आणि नक्षी यांच्या आधी हा आकडा विचारावा. भिंतीची टाइल जमिनीला लावू नये, ती सच्छिद्र आणि हलकी असते. आणि भिंतीच्या ओळी जमिनीच्या ओळींशी जुळवायच्या असतील तर ते काम जमिनीची पहिली टाइल बसण्याआधी ठरतं, नंतर नाही.

चेन्नईचं पाणी आणि समुद्र यांचा वेगळा विचार करावा लागतो. किनाऱ्याकडच्या भागात बोअरचं पाणी मचूळ असतं. त्याने माल कालवला, सिमेंटची लादी त्याच पाण्याने भिजवली, की पुढे पावसाळ्यानंतर सांध्यांतून पांढरा लोणा वर येतो. माल कालवायला गोडं पाणी वापरायचं, हे मिस्त्रीच्या कागदावर लिहून द्यावं. तळमजल्यावरच्या घरांसाठी २०१५चा डिसेंबर आणि डिसेंबर २०२३मधलं मिचौंग चक्रीवादळ विसरून चालणार नाही. वेळचेरी, पळ्ळीकरणैच्या सखल भागांत घरांत पाणी शिरलं. अशा ठिकाणी लाकडी किंवा लॅमिनेटची जमीन करू नका. धुवून, पुसून दुसऱ्या आठवड्यात वापरता येईल अशीच जमीन तिथे हवी, आणि स्कर्टिंग नेहमीपेक्षा उंच.

मला मनापासून सुचवावीशी वाटते अशी एक लहान गोष्ट आहे. फ्लॅटच्या मुख्य दारासमोर आता फिकट, गुळगुळीत टाइल असते. तिच्यावर तांदळाच्या पिठाची रेषा उठत नाही, पीठ घसरतं, आणि मग कोलमचं छापील स्टिकर येऊन चिकटतं. उंबरठ्यासमोर दोन बाय दोन फुटांचा कडप्पा, किंवा खरखरीत तांबडी लादी, शेजारच्या टाइलशी पातळीत बसवून घ्या. कडप्पा मराठी घरात ओट्यावर पिढ्यान्‌पिढ्या आहे, तो इथे फार लांबून येत नाही आणि महागही नाही. त्याच्यावर पांढरी रांगोळी आणि कोलम दोन्ही उठून दिसतात, चिमटीतलं पीठ जागच्या जागी राहतं. सोसायटीचा जिना सगळ्यांचा असतो, तेव्हा परवानगी आधी घ्यावी. मी ज्या इमारतींत हे केलं तिथे शेजाऱ्यांनीही नंतर आपापल्या दारात करून घेतलं.

पाहायला कुठे जावं असं वाचक विचारतात. कारैकुडीला जाणं जमलं तर उत्तमच. आत्तंगुडीत लादी ओतताना पाहता येते आणि काही वाडे आतून बघता येतात. तेवढा वेळ नसेल तर ईस्ट कोस्ट रोडवर मुट्टुक्काडुला दक्षिणचित्र आहे, १९९६ साली लोकांसाठी खुलं झालेलं. दक्षिणेतल्या मोडीत निघालेल्या जुन्या घरांचे भाग जपून आणून तिथे पुन्हा उभे केले आहेत, त्यात चेट्टिनाडचं घरही आहे. तिथे खांब आणि दारं बघणारे पुष्कळ असतात. तुम्ही उंबरठे बघा: एक जमीन कुठे संपते, दुसरी कुठे सुरू होते, आणि मधे काय घातलं आहे. खोल्यांमधला हा सांधा आजच्या घरांत सर्वात दुर्लक्षित असतो. बैठकीच्या खोलीची आणि स्वयंपाकघराची लादी वेगळी असेल तर त्यांची गाठ दार बंद केल्यावर दाराच्या जाडीखाली यावी, म्हणजे कुठल्याच खोलीतून दुसरीची कड दिसत नाही. जुन्या लादीवर नवी लावणार असाल तर जमीन अर्धा-पाऊण इंच वर येते. दारं खालून कापावी लागतात, आणि न्हाणीघराचा उंबरा पुरेसा उंच राहतो का ते आधी तपासावं लागतं.

पुस्तकात भाव दिलेले नाहीत, ते छापून येईपर्यंत जुने होतात. कंपन्यांची शिफारसही नाही. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी मिस्त्रीच्या हातात देता येईल असं एक पान आहे, डाव्या बाजूला मराठी आणि उजव्या बाजूला देवनागरीत लिहिलेलं तमिळ आणि हिंदी, कारण चेन्नईत लादी बसवणारे बरेच कारागीर आता उत्तरेकडून आलेले असतात आणि त्यांना मदत करणारे हात तमिळ असतात. त्या पानावरची पहिली ओळ सगळीकडे एकच आहे: माल लावायच्या आधी निदान एक पूर्ण ओळ आणि एक पूर्ण स्तंभ सुका मांडून दाखवा. घरातल्या माणसाने दारात उभं राहून ही मांडणी पाहावी, खाली बसून पाहावी, पडदे उघडून पाहावी. त्या वेळी चार लाद्या सरकवायला पाच मिनिटं लागतात.

पहिलं प्रकरण खोली मोजण्याचं आहे. त्यासाठी दुकानात जाऊ नका, घरीच थांबा. स्टीलचा टेप घ्या, शिंप्याचा कापडी टेप ताणला की माप बदलतं. प्रत्येक खोलीची लांबी आणि रुंदी तीन-तीन ठिकाणी मोजा, दोन्ही टोकांना आणि मधे; दोन्ही कर्ण मोजा, ते सारखे भरले नाहीत तर खोली गुण्यात नाही. मापं इंचांत लिहा, पाव इंचापर्यंत. दारं कुठे आहेत, ती कुठल्या बाजूला उघडतात आणि सकाळचं ऊन कुठल्या खिडकीतून येतं, तेही त्याच कागदावर काढा.